वत्सला आत्याचे हुकलेले फेब्रुवारी

मी आज जो काही आहे, तो वत्सला आत्यामुळे आहे. शाळा, कॉलेज, पुण्यातली नोकरी, चार लोकांत उभं राहून बोलण्याची हिंमत, सगळं तिचं. हे मी नेहमीच सांगत आलो. पण ती गेल्यापासून हे वाक्य तोंडात कडू लागतं, कारण आमच्या घरातला प्रत्येक जण तिच्याबद्दल हेच म्हणतो. इंझोरीला शेती करणारा माझा मोठा भाऊ दिलीपदादा म्हणतो, रेखावहिनी म्हणते, माझे बाबा म्हणतात. आम्ही सगळेच तिचे कृतज्ञ होतो. आणि आम्हा सगळ्या कृतज्ञ माणसांना मिळून तिला तिच्या आयुष्यातले आठ-दहा दिवस मोकळे देता आले नाहीत...

ऑगस्ट संपत आला होता. गावाकडे मूग तोडणीला आला असेल, असा विचार सकाळीच मनात येऊन गेला होता. मी ऑफिसात होतो आणि दिलीपदादाचा फोन आला. "मिलिंद, आत्या गेली बापा. सकाळी दूधवाल्यानं लय आवाज देल्ले, उठलीच नाई. झोपेतच..." त्याने फोन ठेवला. मी जिना उतरून खाली पार्किंगमध्ये जाऊन उभा राहिलो. रडू आलं नाही. मनात पहिला विचार आला तो हा की, फेब्रुवारीला अजून बराच अवकाश होता. या वेळी मी तिला कोणाच्या हाती लागू देणार नव्हतो.

फेब्रुवारीचं काय, ते सांगतो. पण त्याआधी आत्या कोण होती ते सांगायला हवं. ती माझ्या बाबांची मोठी बहीण. आमच्या घरात शाळेची पायरी चढून टिकलेली पहिली मुलगी. नर्सचं शिक्षण घेतलं, लग्न झालं, आणि काका एका पावसाळ्यात विजेचा धक्का लागून गेले. मूलबाळ नव्हतं. पुढे केनवडच्या आरोग्य उपकेंद्रात तिची बदली झाली आणि ती तिथलीच होऊन गेली. गावात तिला वत्सलाबाई कोणी म्हणत नसे. ती नर्सबाई. आजूबाजूच्या वस्त्यांवरची किती तरी बाळंतपणं तिने केली. रस्त्याने निघाली की घराघरातून हाक यायची. कोणाचं लेकरू दूध पीत नाही, कोणाच्या सासूचा पाय सुजला, कोणाला सलाईनची गरज नाही पण लावूनच घ्यायचं आहे. ती थांबायची. मला आठवतं, उपकेंद्रापासून घर हाकेच्या अंतरावर होतं आणि तेवढ्यात तिच्या हातातली भाजी सुकून जायची.

चौथी झाल्यावर मी तिच्याकडे शिकायला आलो. इंझोरीला राहिलो असतो तर दिलीपदादासारखा आठवीत शाळा सोडून वावरात गेलो असतो. त्यात काही कमीपणा नाही, पण मला वावर जमलं नसतं हे आत्याने ओळखलं होतं. मी दहावीत असताना तिला बढती मिळाली होती. त्यासाठी दुसऱ्या जिल्ह्यात जावं लागणार होतं. तिने ती नाकारली. "पोराची दहावी हाये," एवढंच साहेबांना सांगितलं. म्हणजे तिला जागच्या जागी बांधून ठेवणाऱ्यांत पहिलं नाव माझंच. पुढचं सगळं मी लिहितो आहे ते हे विसरून नाही.

आफ्रिका आमच्या घरात आली ती टीव्हीवरून. मी नववीत होतो. लसीकरणाचा दिवस संपवून आत्या दुपारी उशिरा जेवायला बसायची, आणि जेवताना तिला बातम्या नको, मालिका नको, जनावरांचं चॅनल हवं असायचं. हिंदीतून सांगणारा तो भारदस्त आवाज आणि समोर ती सपाट, न संपणारी गवताळ जमीन. एकदा त्यात विल्डबीस्टची वीण दाखवत होते. दाढीवाल्या, कुबडाच्या, गाय म्हणावी तर गाय नाही अशी ती जनावरं. हजारोंनी एका माळावर येतात आणि काही आठवड्यांच्या आतच जवळजवळ सगळ्या माद्या वितात. वासरू जमिनीवर पडतं, चिखलातल्या काडीसारखे पाय हलवतं आणि बघता बघता उभं राहतं. चालतं. पळायला लागतं. आत्याचा घास हातातच राहिला होता. "पाय रे मिलिंद, पाय! ना शेक, ना धुरी, ना कोनी नाळ कापाले. अन् आपल्या बाया... तीन-तीन दिस नुसता आरडाओरडा." मग टीव्हीकडे बघतच म्हणाली, "कितीक बाळंतपनं केली मी. पन कोनी बोलावलं नाई अन् मी नुसती पाहात उभी हावो, असं एकबी नाई."

तेव्हा ते मला नीट कळलं नाही. निवृत्त झाली त्या वर्षी मी तिला विचारलं, आत्या, तुला कुठं जायचं सांग, मी नेतो. मला वाटलं ती लुंबिनी म्हणेल, फार तर काश्मीर. ती म्हणाली, "ते दाढीवाल्या गायी जिथं वितात, तिथं."

मी शोधाशोध केली. ती जागा टांझानियात. वीण होते ती साधारण फेब्रुवारीच्या आसपास. आधी गेलं तर कळपातल्या माद्या पोटुशा दिसतात, नंतर गेलं तर वासरं मोठी होऊन कळप पुढे सरकलेला असतो. म्हणजे जायचं तर फेब्रुवारीत. तो चुकला की पुढच्या वर्षापर्यंत थांबायचं. आम्ही दोघांनीही परदेश कधी पाहिला नव्हता. आमच्या घराण्यात कोणीच पाहिला नव्हता. त्यामुळे तयारीची प्रत्येक गोष्ट नवी होती आणि आत्याने ती लग्नाच्या तयारीसारखी मनापासून केली. पासपोर्टच्या चौकशीला ठाण्यातून जो शिपाई घरी आला, तो तिच्याच हाताने जन्मलेला निघाला. खुर्चीत अवघडून बसला होता. म्हणाला, "बाई, तुमच्या चालचलनुकीबद्दल लिवाचं हाये मले. काय लिवू?" आत्या म्हणाली, "लिव, का या बाईनं मले जलमल्याबरोबर ढुंगनावर चापटा मारल्या. तवा कुठं मी रडलो." तो बिचारा चहा अर्धा टाकून पळाला.

तिकडे जायचं तर पिवळ्या तापाची लस घ्यावी लागते. त्यासाठी नागपूरला गेलो. डॉक्टरांनी तिचं वय बघून बरेच प्रश्न विचारले, तपासलं आणि मग परवानगी दिली. आयुष्यभर दुसऱ्यांना सुया टोचणारी आत्या बाही वर करून रांगेत बसली, आणि सुई टोचताच तिने माझा हात घट्ट धरला. बाहेर आल्यावर दंड चोळत म्हणाली, "आता कळलं मले, पोरं काहून बोंबलत होते." जीपमध्ये साडी सोयीची पडत नाही आणि भडक कपडे नको, असं सहल कंपनीने कळवलं होतं. तिने रिसोडहून मातकट रंगाचे दोन पंजाबी ड्रेस आणले. तिच्या वयात पहिल्यांदा. अंगात घालून बघायला म्हणून अंगणात आली तर शेजारच्या सुना-लेकी गोळा झाल्या. "नर्सबाई, कॉलेजात नाव टाकलं काय?" "टाकलं ना वं. तुह्या सासूलेबी घेऊन चाल्ली, वर्गात जोडी पायजे." मी पाठवलेली दुर्बीण घेऊन ती गच्चीवर सराव करायची. एकदा शेजारच्या हरभऱ्यात रोही, म्हणजे नीलगाय, शिरला होता. तगडा, निळसर नर. आत्या दुर्बिणीतून त्याच्या पापण्या बघत होती आणि खालून त्या शेताचा मालक ओरडत होता, "नर्सबाई, पाहून काय राह्यल्या! हाकला ना त्याले!" तिने दुर्बीण न काढता सांगितलं, "थांब रे, कान हालवून राह्यला तो."

हे तिचे सुखाचे दिवस. मी ते बघितले आहेत, म्हणूनच पुढचं मला गिळता येत नाही.

पहिल्या वर्षीच्या दिवाळीत इंझोरीला सगळे जमले असताना आत्याने ही गोष्ट घरात सांगितली. आधी हसू झालं. दिलीपदादा म्हणाला, "जनावरं पाहाले आफ्रिकेत? आपल्या वावरात येऊन बस ना मचानावर. रोही, डुक्कर, हरिन, सारे फुकटात." मग हसता हसता गोष्ट गंभीर झाली, कारण आमच्याकडे प्रवास हा एकट्याचा नसतोच. कोणी कुठं निघालं की दहा जण विचारतात, गाडीत जागा आहे का. बाबांचे मित्र नामदेवकाका तिथेच बसले होते. त्यांनी अगदी मनापासून विचारलं, "तिकडं आचारी नेता येते काय? अन् तांदूळ? विमानात पोतं चढवू दितीन काय?" मी समजावलं की तिथं जीप असते, सहा जणांची, तंबूत मुक्काम असतो, जेवण तेच देतात. "मंग पंगत कशी होईन?" काका म्हणाले. त्या रात्रीपर्यंत घरातल्या सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं की आत्याला फिरायला न्यायचंच, तिचा तो हक्कच आहे, पण सगळ्यांनी मिळून. आणि सगळ्यांनी मिळून म्हणजे बुद्धगया. दिलीपदादाने बस ठरवली. तारीख काढली ती फेब्रुवारीतली, कारण तूर निघालेली असते आणि हरभरा, गहू सवंगायला, म्हणजे कापायला, वेळ असतो.

आत्या आधी एकदा बुद्धगयेला जाऊन आली होती. मी चिडून फोन केला. ती म्हणाली, "जाऊ दे रे. गावातले म्हातारे-कोतारे हायेत, त्याइले नर्सबाई पायजे." परत आल्यावर मी विचारलं, कसं झालं? "झाकास झालं. मागच्या बारीले उलटीच्या गोळ्या वाटल्या होत्या, या बारीले जुलाबाच्या वाटल्या." ती हसत होती. मी हसलो नाही. तिला भगवंताच्या त्या झाडाखाली बसायला पुरेसा वेळही मिळाला नव्हता. कोणाचा तरी रक्तदाब वाढला म्हणून ती बसमध्येच थांबली होती.

त्या वेळी दिलीपदादाने मला जे वाक्य ऐकवलं, ते पुढे मी फार ऐकलं. "आफ्रिका कुठं पळून राह्यली काय?" मी त्याला सांगितलं की दादा, आफ्रिका नाही पळत, पण वीण संपते, आत्याचे गुडघे संपतात. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू शहरात राहून मी माणुसकी विसरलो आहे.

दुसऱ्या वर्षी आई न्हाणीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. आत्या अकोल्याच्या दवाखान्यात तिच्या उशाशी राहिली. आई माझी आहे, त्यामुळे त्याबद्दल मी काही बोलणार नाही. एवढंच सांगतो, आई घरी आल्यावर तिला चालवायला घरात माणसं होती. तरीही आत्या जायला निघाली की बाबा म्हणायचे, "अजून आठ दिस राह्यजो वं वत्सले, तुह्या हातानं ते बरी चालते." आठ दिवसांना आठ दिवस जोडत फेब्रुवारी निघून गेला.

तिसऱ्या वर्षी मी कोणालाच कळू दिलं नाही. सगळं आम्ही दोघांनी ठरवलं. तिकिटं निघाली, व्हिसा आला. जीपमध्ये आत्याला खिडकीची जागा मिळेल असं मी लिहून घेतलं. फोनवर आम्ही दोघं शाळकरी मुलांसारखे हळू आवाजात बोलायचो. मुंबईला पोचायला किती तास लागतात, विमानात कानात कापूस घालायचा का, सिंह जीपजवळ आला तर बोलायचं की गप्प बसायचं, सगळं विचारून झालं. "गप्प बसाचं असते? मंग तुह्या बापाले नेलं असतं तं सिंहच पळून गेला असता."

आणि निघायच्या चार-पाच दिवस आधी आत्या इंझोरीला गेली.

का गेली? आमच्याकडे मोठ्या प्रवासाला निघताना घरच्यांना भेटून निघतात. थोरांच्या पाया पडायचं, धाकट्यांच्या हातावर काहीतरी ठेवायचं, येतो म्हणायचं. न भेटता गेलं तर माणूस चोरासारखं गेलं असं होतं. साठी ओलांडलेली बाई समुद्रापलीकडे निघाली होती. आपल्या भावाला न सांगता ती जाणं तिला शक्यच नव्हतं. मला हे तेव्हाही कळत होतं, आजही कळतं. आम्हा माणसांची घडणच अशी आहे की आम्ही तुरुंगातून पळताना जेलरला भेटून निघू.

इंझोरीच्या घरी तेव्हा दिलीपदादाची लेक पूजा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. नववा महिना. हे मला माहीत होतं, आत्यालाही माहीत होतं, आणि त्याचा काही प्रश्न नव्हता. वाशीमला डॉक्टर होते, नाव नोंदवलेलं होतं, गाडी दारात उभी होती. पण आत्या समोर दिसली आणि पूजाने तिच्या गळ्यात पडून रडायला सुरुवात केली. रेखावहिनीने आत्याची पिशवी हातातून घेतली आणि आत नेऊन ठेवली. दिलीपदादा म्हणाला, "आत्या, तू जनावरायचं बाळंतपन पाहाले चाल्ली, अन् तुह्या नातीचं कोन करन?" हे मला नंतर आत्यानेच सांगितलं, आणि सांगताना त्याची बाजूच घेतली. "चांगलं बोलला रे तो. पाय ना, खरंच हाये."

फोनवर ती म्हणाली, "मिलिंद, तिकीट वापस कर बापा."

"काहून?"

"पोरगी लय भेली हाये."

"वाशीमला डॉक्टर आहेत, आत्या."

"हायेत. पन ते तिच्या वळखीचे नाईत."

"मी बोलू दादाशी?"

"नको. त्यानं काय जबरदस्ती केली काय? मीच म्हनलं राह्यतो म्हनून." आणि लगेच म्हणाली, "तू जाऊन ये ना. मले सांगजो काय काय पाह्यलं ते."

मी गेलो नाही. जाणं शक्यच नव्हतं. त्या दिवसांत मी रोज ऑफिसात गेलो, काम केलं, आणि जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर तिकडचं हवामान बघत बसलो. विमान ज्या दिवशी निघणार होतं, त्या दिवशी पूजाला कळा नव्हत्या. परत येणार होतो, त्याही दिवशी नव्हत्या. आत्या जाऊन, बघून, परत येऊन पुन्हा तिच्या उशाशी बसू शकली असती. पुढे पूजाला दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी सिझेरियन करायचं ठरवलं. शस्त्रक्रियेच्या खोलीत नातेवाइकांना नेत नाहीत. तो नियम सगळीकडेच असतो. केनवडच्या नर्सबाई बाहेरच्या बाकावर बसून होत्या. आतून बाळ रडल्याचा आवाज आला तेव्हा त्या इतर बायांबरोबरच उठून उभ्या राहिल्या. बाळ छान आहे. मुलगा आहे. त्याच्यावर माझा राग नाही. तो मोठा झाल्यावर त्याला हे कोणी सांगू नये.

सव्वा महिना म्हणून राहिलेली आत्या उन्हाळा संपेपर्यंत इंझोरीत राहिली. रोज बाळाला पायांवर घेऊन मालिश, अंघोळ. जूनमध्ये केनवडला परतली तेव्हा मी तिला भेटायला गेलो. ती वाळली होती. जिना चढून गच्चीवर येताना मधेच थांबली आणि मला पुढे जायला सांगितलं. मी तपासून घे म्हटलं तर म्हणाली, "मले कोन तपासन? मीच तं तपासतो साऱ्याइले." वर आल्यावर तिने आपण होऊन विषय काढला. "पुढच्या फेब्रुवारीत पाहू." मी म्हणालो, पाहू नाही आत्या, जाऊ. ती म्हणाली, "हो रे, जाऊ." पण तिच्या आवाजात ते पूर्वीचं काही नव्हतं. मला वाटतं तिला आता त्या माळाची इच्छा राहिली नव्हती, माझं मन राखायची राहिली होती. म्हणजे तिथेही ती माझंच काम करत होती...

तिला श्रद्धांजली वाहायच्या, पुण्यानुमोदनाच्या दिवशी केनवडच्या चौकात मोठा फलक लागला होता. आत्याचा उपकेंद्रातला जुना फोटो आणि खाली 'त्यागमूर्ती वत्सलाबाई'. मांडवात बुद्धवंदना झाली आणि मग लोक बोलायला उठले. दिलीपदादाही बोलला. तो वाईट माणूस नाही. आयुष्यात पहिल्यांदा माईकसमोर उभा होता, आणि त्याचं दुःख खरं होतं. तो म्हणाला, "आत्यानं स्वतासाठी कधी काईच मांगलं नाई." मांडवातल्या बायांनी पदर डोळ्यांना लावले. मला वाटलं उठावं आणि सांगावं, मागितलं होतं. तिने एकच गोष्ट मागितली होती, ती तीन वर्षं मागितली, तुझ्या अंगणात बसून मागितली, आणि तू हसला होतास. मी उठलो नाही. मांडवातल्या कितीक जणांचा जन्म तिच्या हातावर झालेला, त्यांच्यासमोर ते शोभलं नसतं. पण तेव्हापासून 'त्याग' हा शब्द मला सहन होत नाही. ज्याच्याकडून काढून घेतलं, त्याला त्यागी म्हटलं की घेणाऱ्याचे हात स्वच्छ होतात.

कार्यक्रमानंतर मी एकटाच तिच्या खोलीत बसलो. कॉटवरची चादर तशीच ताणलेली होती, चारही कोपरे दवाखान्यातल्या पलंगासारखे आत खोचलेले. तिला दुसऱ्या तऱ्हेने चादर घालता यायची नाही. खिडकीजवळची खुर्ची रस्त्याकडे तोंड करून होती. निवृत्तीनंतरही ती तशीच बसायची, हाक आली तर लगेच ऐकू यावी म्हणून. मी बसलो होतो तेवढ्या वेळात रस्त्यावरून एका म्हाताऱ्या बाईने सवयीने हाक दिलीच, "नर्सबाई, हाये का वं घरात?" आणि मग तिचं तिलाच आठवलं. ती खिडकीकडे बघत उभी राहिली. रेखावहिनी कपाट आवरायला आली. तिने ते दोन मातकट ड्रेस बाहेर काढले, एकदाही न धुतलेले, आणि विचारलं, "भाऊजी, हे कोनाले होतीन?" मी म्हणालो, कोणालाच नाही होणार वहिनी. ते मी घेऊन आलो.

त्या तिसऱ्या फेब्रुवारीच्या आधी, तिकिटांच्या प्रती पाठवताना, मी तिला पत्र लिहिलं होतं. फोनवर बोललो होतो सगळं, पण आत्याचा फोन कधी तिचा नव्हता. तो घरात येईल त्याच्या हातात असायचा. म्हणून कागदावर लिहून कुरिअरने धाडलं. ते तिला मिळालं, तिने वाचलं, "अक्षर अजून तसंच हाये तुहं, कोंबडीच्या पायावानी," असं म्हणालीही. त्याची कच्ची प्रत माझ्याकडे राहिली. या लेखाला शेवट म्हणून मला दुसरं काही सुचत नाही. ते पत्र असं होतं:

प्रिय आत्या,

सोबत तिकिटांच्या प्रती आहेत. विमानतळावर मी सोबत असेनच, पण तुझ्याजवळही असू दे. पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड पासपोर्टमध्येच ठेव.

बॅग कापडाची घे, चाकाची नको. छोट्या विमानात कडक बॅग घेत नाहीत. दोन ड्रेस, एक स्वेटर. हसू नकोस, तिथे पहाटे खरंच थंडी असते. गुडघ्यांचा पट्टा विसरू नकोस. औषधं फक्त स्वतःची घे. जीपमध्ये आणखी चार जण असतील, त्यातल्या कोणाला मळमळलं तर त्याचं तो बघेल. तू नर्स आहेस हे आपण कोणालाच सांगायचं नाही. कोणी विचारलं तर मी सांगेन, माझी आत्या आहे, जनावरं बघायला आली आहे.

सकाळी चहा घेऊन निघायचं आणि माळावर एका जागी गाडी उभी करून बसायचं, असं मी त्यांना सांगून ठेवलं आहे. पळापळ करून सिंह शोधायचे नाहीत. वासरू उभं राहीपर्यंत बघायचं. एक झालं की दुसरं. तुझं मन भरेपर्यंत गाडी हलणार नाही. तंबूच्या तिथे फोन लागत नाही, हे मी मुद्दाम विचारून घेतलं आहे.

आता एक विनंती. तुला आवडणार नाही, तरी ऐक. निघण्याआधी इंझोरीला भेटायला जाऊ नकोस. बाबा रागावतील, दादा रागावेल, रागावू दे. परत आल्यावर आपण दोघं मिळून जाऊ, दोन दिवस राहू, मी सगळ्यांची बोलणी खातो. पण आधी नको. तू त्यांच्या दारात उभी राहिलीस तर तुला निघता येणार नाही, हे तुलाही माहीत आहे.

मी आदल्या रात्रीच पुण्याहून गाडी घेऊन निघतो. सकाळी तुझ्या दारात हॉर्न वाजवीन. तू फक्त कुलूप लाव आणि गाडीत बस.

तुझा,
मिलिंद